कवड्यांचं वाण

लक्षद्वीपला जायचंय म्हणून कुणी माझ्या ऑफिसात आलं, की मी आधी त्याला खुर्चीवर बसवायचो आणि मग सांगायचो, "हे बघा, तिथं जायला नुसती तुमची मर्जी पुरत नाही." निम्मी माणसं तिथंच उठायची. "आपल्याच देशात जायला परवाना? मग गोवाच बरं की!" मी म्हणायचो, जा बाबा गोव्याला. तूही सुखी राहशील, मीही राहीन.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बोळात माझं ऑफिस होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. शेजारपाजारचे टूरवाले काश्मीर, उटी, चारधाम करायचे आणि गिऱ्हाइकांची ओढाओढी करायचे. मी बेटं धरली, कारण त्या वाटेला कुणी जात नव्हतं. का जात नव्हतं ते मला पुढं कळलं. मिरजेहून रेल्वेनं कोची, तिथं जहाजाची वाट बघत बसायचं, मग दिवस-रात्र नुसतं पाणी. बेट दिसायला लागलं तरी जहाज काठाला लागत नाही. बेटाभोवती पोवळ्याचा कठडा आणि आत उथळ पाणी, म्हणून जहाज बाहेरच उभं राहतं. त्याच्या पोटाला एक दार असतं, त्यातून तुम्ही खालच्या होडीत उतरायचं. लाटेनं होडी वर आली की पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं. नऊवारी नेसलेल्या साठीच्या बायकांना हे शिकवणं म्हणजे माझा धंदा. लोकांना वाटायचं, टूरवाला म्हणजे फुकट फिरणारा माणूस. फुकट! झक मारली आणि ह्या धंद्यात आलो, असं मी दर फेरीला एकदा तरी म्हणायचो.

निघण्यापूर्वी प्रत्येकाला मी दोन पानी माहितीपत्रक द्यायचो. माझं स्वतःचं, मराठीत, दहादा खाडाखोड करून लिहिलेलं. त्याचा मला फार अभिमान होता. बेटावर दारू नाही. मागू नका, नेऊ नका. गाव मुसलमानांचं आहे, साधं आहे, देवभिरू आहे. गावातून फिरताना अंगभर कपडे घाला, विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढू नका. भाषा मल्याळमच्या वळणाची, हिंदी थोड्यांनाच येते. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली साठलेला पावसाचा पातळ थर. तो जास्त उपसला की खालून खारं पाणी वर येतं, तेव्हा एका बादलीत आंघोळ उरका. घर तिथं आईकडून लेकीकडं जातं, नवरा त्या घरचा पाहुणाच; म्हणून घरातल्या बाईचा मान आधी. आणि शंख, शिंपला, कवडी, पोवळ्याचा तुकडा, काही म्हणजे काही उचलायचं नाही. तो गुन्हा आहे. ह्या शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. लोक त्या पत्रकात चपात्या गुंडाळून न्यायचे.

एक वाक्य मात्र मी त्यातून गाळलं होतं. परवान्याला फोटो, ओळखपत्र, पोलिसांचा दाखला तर लागायचाच. पण आम्ही ज्या पद्धतीनं जायचो त्यात बेटावरच्या एका रहिवाशाची हमीही लागायची. ही माणसं मला ठाऊक आहेत, माझ्या घरी उतरतील, नीट वागतील, असं त्यानं लिहून द्यायचं. तुम्ही काही वावगं केलं तरी तुम्ही जहाजात बसून निघून जाणार, जाब त्याला. पहिल्या पत्रकात हे मी सगळ्यात वर लिहिलं होतं. तर लक्ष्मीपुरीतले एक व्यापारी आले आणि कागद टेबलावर आपटून म्हणाले, "आमची हमी घेणारा त्यो कोण ओ? सगळं कोल्लापूर वळखतंय आमाला!" अकरा माणसं होती त्यांच्या घरची. मी दात काढून म्हणालो, "शेठ, छापताना चूक झाली." पुढच्या छपाईला ते वाक्य काढलं, ते कायमचं.

हमी घ्यायचे ते कोयाभाई. पन्नाशी ओलांडलेले, काटक, बरीच वर्षं मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात राबलेले. हिंदी तिथंच शिकले. बायकोच्या घराला लागून त्यांनी चार खोल्या काढल्या होत्या, त्यांत माझी माणसं उतरायची. स्वयंपाक दोघं नवरा-बायको मिळून करायची. मी नावं पाठवली की त्यांचा फोन यायचा.

"साब, ये लोग अच्छा है?"

"एकदम अच्छा."

"आपने देखा है?"

"घर के जैसे हैं, कोयाभाई."

तेवढ्यावर ते सही करायचे. माझ्या शब्दापलीकडं त्यांनी कधी काही विचारलं नाही.

आणि माणसं तरी एकेक काय होती! वारणानगरचे एक निवृत्त मास्तर होते. बेटावर कुत्रं नाही हे त्यांना पटेना. "असं कसं असंल? माणूस हाय तितं कुत्रं असतंयच." चार दिवस समुद्राकडं पाठ करून ते कुत्रं शोधत गल्ल्या हिंडले. गगनबावड्याचे एक पाटील पडवीतून खालीच उतरले नाहीत. म्हणाले, "पाणी बघायला एवढ्या लांब आणलासा व्हय? आमच्यात चार म्हैनं दारात पाणीच असतंय की." एका तालमीच्या गड्यांनी पहिल्याच जेवणाला कोयाभाईंना विचारलं, "पावणं, नुसता सोडा तरी मिळतोय न्हवं?" कोयाभाई सगळ्यांना हसून घ्यायचे. फक्त एकदा मला बाजूला नेऊन विचारलं, "साब, कोल्हापूर में सब इतना जोर से बोलता है?" म्हटलं, "अभी तो ये लोग धीरे बोल रहे हैं."

असो. हसून झालं. आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते सांगतो.

करोना ओसरून बेटं परत उघडली, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा जानेवारी. चौदा बायकांचा गट घेऊन गेलतो. पुढारी विमलवैनी, आमच्या उचगावातल्याच, महिला मंडळ चालवणाऱ्या. दर साली त्यांच्या जिवावर माझी एक सहल भरायची. बाई मनानं वाईट नाही, पण एकदा बोलली की बोलली. मी त्यांना टरकून असायचो. गटात सगळ्यात थोरल्या पद्मावती आक्का. सत्तरी गाठलेल्या, जैन, माहेर निपाणीकडचं. कंदमूळ खायच्या नाहीत, सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. कोयाभाईंची बायको त्यांच्यासाठी उजेड असतानाच वेगळ्या भांड्यात भात आणि कच्च्या केळ्याची भाजी करायची आणि समोर बसून वाढायची. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती, तरी हातवाऱ्यांवर सुना, नातवंडं, गुडघे, सगळं बोलून व्हायचं. आक्का मला म्हणाल्या, "माझी भन असती तर अशीच असती बगा."

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. पाणी लांब गेलं, खडक उघडे पडले. बायका घोटाभर पाण्यातून चालत होत्या आणि विमलवैनींच्या पायाशी कवडी आली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. आपल्याकडं कवडी म्हणजे काय ते सांगायला नको. देवीच्या परडीत ती, आराध्यांच्या गळ्यात ती. पण आपण बाजारातून आणतो ती मळकी, मेलेली. ही ओली, चकचकीत, ठिपक्याठिपक्यांची.

"आता गं बया! आईनं सवताहून धाडल्यात!" वैनींचा आवाज पडवीपर्यंत आला. "यंदाचं वाण कवड्यांचं लुटायचं गं!"

संक्रांत आठवड्यावर आलेली. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या नि चमचे लुटून कंटाळलेल्या बायका त्या. शंभर सुवासिनींच्या ओटीत समुद्रातली कवडी पडली तर मंडळाचं नाव गावभर होणार. चौदाच्या चौदा वाकल्या. पदरात घेतल्या, रुमालात घेतल्या. रांगोळीभोवती मांडायला पोवळ्याचे पांढरे तुकडेही घेतले. आक्कांनीही तीन कवड्या उचलल्या.

मी पडवीत चहा पीत बसलो होतो. मला दिसत होतं. इतकी वर्षं ह्या धंद्यात घालवलेल्या माणसाला, बायका वाकून काय टिपतायत हे कळत नाही होय? पण उठलो नाही. उठून ओरडलो असतो तर वैनींचा पारा चढला असता आणि पुढच्या सालची सहल गेली असती. म्हटलं, चार शिंपल्यांनी काय होतंय, कोण बघतंय. कोयाभाई घरामागं मासे साफ करत होते. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं.

कवडीत जीव असतो. ती त्याचं पाठीवरचं घर. पाण्यातून काढून कोंडला की तो मरतो आणि दुसऱ्या दिवसापासून असा वास सुटतो की विचारू नका. वैनींनी सगळ्यांच्या कवड्या चटणीच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात भरल्या, वर पोवळं ठेवलं, झाकण नाडीनं बांधलं आणि डबा पिशवीत तळाला घातला.

निघायच्या दिवशी धक्क्यावर सामान तपासत होते. दर वेळी तपासतात असं नाही. तपासणाऱ्यानं वैनींची पिशवी उचलली, नाक आक्रसलं आणि डबा वर काढून नाडी सोडायला लावली. झाकण उघडलं तशा आमच्याच दोन बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या.

"किसका है?"

होडी लागलेली होती, जहाज लांब उभं होतं. पुढचं जहाज पाच दिवसांनी, म्हणजे संक्रांत तिथंच. विमलवैनी पुढं झाल्या आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "हमारा नही. वो घरवाली बाईने दिया. भेट दिया."

मागनं त्या मला आणाभाका घेऊन सांगत होत्या, "माझ्या मनात काय वंगाळ न्हवतं ओ. त्यांचाच समुद्र, त्यांच्याच कवड्या. गावच्या माणसाला कोण काय म्हणतंय, असं वाटलं मला." खरंच वाटलं असणार. आपल्यासाठी तिथं कुणी हमी दिलीय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यानं सांगायचं त्यानं ते वाक्य गाळलं होतं.

कोयाभाई बॅगा उचलत होते, ते थांबले. "नहीं साब," एवढंच म्हणाले. तपासणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. गट माझा, कागदावर सही माझी.

"ये सच बोलती है?"

मी म्हणालो, "हाँ. मेरे सामने दिया."

'मेरे सामने' माझ्याकडं कुणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. तपासणाऱ्यानं डबा ठेवून घेतला, वहीत कोयाभाईंचं नाव लिहिलं आणि आम्हाला जायची खूण केली.

कोयाभाई भांडले असते, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग खाली ठेवलेली बॅग परत उचलली. सगळं सामान स्वतः होडीत चढवलं, एकेका बाईला हात देऊन उतरवलं, आक्कांना तर दोन्ही दंडांना धरून बसवलं. मी शेवटचा होतो. मला त्यांनी हात दिला नाही. मी आपला आपण उतरलो.

जहाजावर आक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या. डबा उघडल्यावर दोघी मागं सरल्या होत्या, आक्कांनी मात्र आत वाकून बघितलं होतं.

"जीव हुता न्हवं त्यात?"

"होता, आक्का."

"तीन जीव मारलो मी." त्या आपल्या हाताकडं बघत बसल्या. मुंगी चुकवून पाय टाकणारी बाई ती. मग म्हणाल्या, "आणि त्या बाईवर आळ घातलासा. दिवस मावळायच्या आत मला वाढायला धडपडत हुती ती. तुमी का खोटं बोललासा?"

"चौदा माणसं अडकली असती, आक्का. संक्रांत..."

"अडकू द्यायचं हुतं की!" त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "एक वरीस तिळगूळ न्हाय खाल्ला तर मेलो असतो व्हय आमी?"

मी उठून जहाजाच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो.

संक्रांत झाली आणि आक्का ऑफिसात हजर. वहीचा कागद, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र. बेटावरच्या साहेबांना लिहिलं होतं, की त्या घरच्या बाईनं आम्हाला काही दिलं नाही, आम्हीच उचललं, मी स्वतः तीन कवड्या उचलल्या, शिक्षा करायची तर मला करा. खाली सही आणि उचगावचा पूर्ण पत्ता. "ह्याचं इंग्रजी करा आणि धाडा," म्हणाल्या. "आणि उत्तर येस्तवर मी गोड खाणार न्हाय. नेम घेतलोय."

"धाडतो," म्हणालो आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. ते गेलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. परवाने बंद झाले असते, ऑफिस बसलं असतं, वैनींच्या दारात पोलीस आले असते. उद्या बघू, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

दोन महिन्यांत कळलं, की कोयाभाईंची सही आता चालत नाही. हमी घेता येणार नाही, पाहुणे ठेवता येणार नाहीत. त्यांचा मला एकदा फोन आला. नाव बघून मी तो उचलला नाही. परत त्यांनी केला नाही. मी निर्लज्जासारखा त्याच बेटावरचा दुसरा माणूस गाठला. पुढच्या हंगामात त्या घरावरून गेलो. चारी खोल्यांना कुलूप होतं, पडवीत जाळी टाकली होती. कोयाभाईंची बायको दारात उभी होती, मला बघून आत गेली. नवा माणूस म्हणाला, कोया कोचीला असतो, कुठल्याशा हॉटेलात भटारखान्यात. त्या वयात परत धूर आणि कढया. घरादाराजवळ राहता यावं म्हणून माणसानं चार खोल्या बांधल्या होत्या. मी चार शब्दांत त्या रिकाम्या केल्या.

आणि कुणासाठी केलं? विमलवैनींनी त्या साली कुंकवाच्या डब्या लुटल्या. पुढच्या साली त्या काश्मीरला गेल्या, दुसऱ्याच टूरवाल्याबरोबर. म्हणाल्या, "तुमच्यासंगं आलं की कायतरी झेंगट हुतंय बाई."

आक्का मात्र यायच्या. पंधरा-वीस दिवसांनी, भाजी घ्यायला शहरात आल्या की.

"उत्तर आलं काय ओ?"

"न्हाय अजून. सरकारी काम, आक्का."

"परत धाडा एक."

"धाडतो की."

दोन वर्षं हे चाललं. त्यांच्या नातवाच्या लग्नाला मी होतो. श्रीखंड वाढायला आलं तसा आक्कांनी ताटावर हात आडवा धरला. सून माझ्याकडं वळली. "काका, तुमी तरी सांगा ह्यास्नी. साखर न्हाय, बीपी न्हाय, नुसता हट्ट. नातवाच्या लग्नात बी तोंड गोड करंना झाल्यात." मी म्हणालो, "नेम आहे त्यांचा, मोडू नये." असं म्हणून मी श्रीखंड दोनदा घेतलं.

ऑफिस मी बंद केलं तेव्हा ड्रॉवर रिकामा केला. पत्र घरी आणलं, ते अजून आहे. आता पाठवून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगतो. खरं कारण तेच जुनं, भीती. हे लिहितोय तेसुद्धा मराठीत लिहितोय, कोयाभाईंना वाचता येणार नाही हे पक्कं ठाऊक असून. मोठा शूर माणूस मी!

गेल्या वर्षी पर्युषण होऊन चार-पाच दिवस झाले होते. आक्कांच्या सुनेचा फोन आला. "काका, येऊन जावा. आत्ती सारखं तुमचं नाव घेत्यात. जास्त दिवस न्हाईत आता." दुपारी गेलो. आक्का अंथरुणात एवढ्याशा झाल्या होत्या. मी कडेला बसलो. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं.

"आलं काय ओ?"

मी म्हणालो, "आलं, आक्का."

"काय लिवलंय?"

"माफ केलंय. त्यांचं नाव परत लागलंय. कोयाभाई घरी आलेत. पाहुणेबी यायला लागलेत."

"आणि ती?"

"बरी आहे. तुमची आठवण काढलीय."

आक्कांनी सुनेला हातानं खुणावलं. तिला आधी कळेना. मग कळलं आणि ती रडतच आत पळाली, गुळाचा खडा घेऊन आली आणि त्यांच्या जिभेवर ठेवला. आक्का डोळे मिटून किती तरी वेळ तो चघळत राहिल्या. तोंड लहान पोरीसारखं झालं होतं. सुनेनं मलाही गूळ दिला. मी खाल्ला.

पर्युषण सरलं की जैन माणसं एकमेकांची क्षमा मागतात, त्यात लहान-थोर बघत नाहीत. आक्कांचा त्या वर्षीचा तो दिवस अंथरुणातच गेला होता. त्यांनी मोठ्या कष्टानं दोन्ही हात छातीवर जुळवले आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमच्याबद्दल मनात वंगाळ आलतं माझ्या. ह्या माणसानं पत्रच धाडलं नसंल, असं म्हणत हुतो मी. आळ घेतलो तुमच्यावर. मला क्षमा करा."

सून माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "केली, आक्का."